हौसाक्काचा काळा दोरा

"बाई, आई गेली."

हे वाक्य माझ्या मुलाने मला फोनवर सांगितलं. दुसऱ्या कुणी ऐकलं तर गोंधळेल, म्हणून आधीच सांगते. बाई म्हणजे मी, विक्रमची जन्मदात्री. आणि आई म्हणजे माझी मोठी जाऊ हौसाबाई, घरादारात हौसाक्का. मी आणि सून प्राजक्ता, ओवीला, म्हणजे नातीला, डोस द्यायला आरोग्य केंद्रात गेलो होतो. पोरीला नुकतीच सुई टोचली होती, ती कळवळून रडत होती. मी दोनदा "काय?" म्हणून विचारलं. विक्रमने दोन्ही वेळा तेच वाक्य तसंच्या तसं म्हटलं. मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. तरीही त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. आणि त्या क्षणी माझ्या मनात काय आलं, तर मी जाईन तेव्हा हा लोकांना काय सांगेल... "बाई गेल्या"?

अशा लेखात गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढं लिहायची रीत आहे. अक्काबद्दल चांगलं बोलणारी माणसं आमच्या कोल्हारात घरटी एक तरी सापडेल. मी मात्र तिच्याबरोबर एका स्वयंपाकघरात उभा जन्म काढला, त्यामुळे मला ते जमायचं नाही. तोंडावर मी तिला कायम अहो-जाहो केलं आणि मनात कायम अगं-तुगं. इथे मनातलंच लिहिते. शिवाय तिच्याबद्दल जे लिहायचं आहे, त्यात तिच्यापेक्षा माझंच जास्त निघणार आहे. छापणाऱ्यांनी नको तिथे कात्री लावू नये, एवढीच विनंती. कात्रीचं काम मी आधीच करून बसले आहे, ते पुढे येईलच.

मी लग्न होऊन आले तेव्हा अक्का त्या घरात दहा वर्षं मुरलेली होती. तिची दोन बाळंतपणं वाया गेली होती आणि तिसरं झालंच नाही. मी डी.एड. झालेली, शेजारच्या गावच्या शाळेत नोकरीला. तिने पहिल्याच आठवड्यात माझं नाव "मास्तरीन" ठेवलं आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही. विक्रम झाला, तीन महिन्यांनी मी शाळेवर हजर झाले. पहिल्या दिवशी संध्याकाळी परत आले तर ओसरीवर चार बायका बसलेल्या, अक्काच्या मांडीवर माझं पोर, आणि माझ्या ब्लाऊजवर दुधाचे ओले डाग. अक्का त्या बायकांना हसत म्हणाली, "आमच्या मास्तरनीचं दूध शाळंत सांडतंय, अन् पोरगं हितं वाटी-चमच्यावर हाय." बायका खो खो हसल्या. मी आत जाऊन साडी बदलली आणि चहा टाकला. तो चहा मी त्या चौघींना नेऊनही दिला. त्या दिवसापासून मी मनात जे धरलं ते धरलं.

विक्रम बोलायला लागला तो तिला आई म्हणतच. मला "मम्मी" शिकवायचा प्रयत्न मी केला, पण दिवसभर जी समोर असते तिचीच भाषा मूल उचलतं. पुढे पहिलीला तो माझ्याच वर्गात आला. इतर मुलांदेखत लाड नकोत म्हणून मीच त्याला बजावलं, शाळेत मला सगळ्यांसारखं बाईच म्हणायचं. ते तो शाळेतून घरी घेऊन आला. एकदा, दोनदा मी दुरुस्त केलं. अक्का चुलीपाशी बसून ऐकत होती. तिने एका शब्दाने सांगितलं असतं तर पोराने ऐकलं असतं. ती भाकरी थापत राहिली.

मग तो चौथीत असताना आमच्या शाळेची सहल देवगिरीला निघाली. यादवांची राजधानी, सुलतानाने दिल्ली उठवून जिथे आणली ते दौलताबाद, म्हणून मी वर्गात आठवडाभर शिकवलं होतं. विक्रम घरी येऊन ते सगळं अक्काला सांगायचा. किल्ल्याच्या पोटात एक अंधारी आहे, भर दुपारी तिच्यात हाताला हात दिसत नाही, दोन बाजूंनी शिरलेले शत्रू अंधारात एकमेकांनाच कापत... अक्काने आयुष्यात राहुरी आणि श्रीरामपूरपलीकडे काही पाहिलं नव्हतं. तिने मला आदल्या दिवशी विचारलं, "मास्तरीन, यष्टीत एक जागा हुईल का? म्या कोपऱ्यात बसंन." मी म्हटलं, "अक्का, सहल मुलांची आहे. मोठ्या माणसांना नेता येत नाही." दुसऱ्या दिवशी गाडीत शिपायाची बायको होती, आणि एका बाईंची सासूही होती. विक्रमने ते पाहिलं आणि परत आल्यावर अक्काला सांगितलं. तिच्या गळ्यात पडून म्हणाला, मी मोठा झालो की तुला माझ्या स्वतःच्या गाडीतून नेईन. मी पलंगावर वह्या तपासत होते. मला वाटलं, दहा वर्षांचं पोर, विसरून जाईल.

त्यानंतरची वर्षं गाळते, कारण त्यात लिहिण्यासारखं काही नाही. तिने बोलायचं आणि मी गप्प बसायचं, किंवा मी शाळेतल्या भाषेत गोड बोलून टोचायचं आणि तिने भांडी आपटायची. अक्काचे मालक गेले, मी निवृत्त झाले. खरं तर निवृत्तीची मी वाटच बघत होते. विक्रमचं लग्न होईल, मूल होईल, आणि ते मूल तरी माझ्या मांडीवर वाढेल, असा माझा साधा हिशेब होता.

घरी राहायला लागले तेव्हा मला तो दोरा दिसला. साखरेच्या बरणीच्या गळ्याला काळा दोरा बांधलेला, त्याला एक गाठ. मिठाच्या बरणीला तसाच दोरा, दोन गाठी. मग शोधायलाच लागले तर न्हाणीघराच्या कडीला, देवघराच्या कोनाड्यातल्या खिळ्याला, आणि माझ्या पाणी प्यायच्या तांब्याच्या गळ्यालाही! माझ्या तांब्याला तीन. वाचणारे हसतील, पण मी काय समजले ते सांगते. मी समजले, ही करणी आहे. आमच्या भागात असले गाठी मारलेले दोरे कशासाठी असतात ते शेंबडं पोरही सांगेल. सबंध हयात मी मुलांना विज्ञान शिकवलं, लिंबू-मिरचीवर वर्गात प्रयोग करून हशा पिकवला, आणि घरात माझ्या तांब्याचा दोरा बघून त्यातलं पाणी मोरीत ओतून दिलं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, वैनीला काय काम नाही का?" मी अक्काला विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर भ्यायले हे तिला कळलं असतं.

प्राजक्ताच्या घरची मंडळी पहिल्यांदा घर बघायला येणार होती, त्याच्या आदल्या दिवशी मी शाळेतल्या कागदकामाची माझी कात्री घेतली आणि घरातला एकूण एक दोरा कापला. फळी पुसायची म्हणून बरण्याही खाली काढल्या आणि पुन्हा लावताना कुठली कुठे ठेवली ते बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी अक्का शिरा करत होती. प्राजक्ताची आई कौतुकाने तिच्याशेजारी येऊन उभी. अक्काचा हात फळीवर गेला आणि थांबला. बरणीच्या गळ्यावरून बोटं फिरली, एकदा, दोनदा. मी दारात होते, मला वाटलं, शोधतेय आपली करणी! मग तिने एक बरणी उचलली आणि वाटी भरभरून कढईत ओतली. नैवेद्याआधी चाखायची आमच्यात पद्धत नाही. पहिला घास व्याह्यांनी घेतला आणि त्यांना ठसकाच लागला. सगळा शिरा मिठाचा. अक्का भिंतीला टेकून उभी राहिली आणि "हात चुकला... हात चुकला" एवढंच म्हणाली. मी सगळ्यांदेखत हसून म्हटलं, "अक्का, आता वय झालं. सोडा हे." पाहुणे चांगले होते, तेही हसले, लग्न ठरलं.

लग्नानंतर दोन वर्षांनी विक्रमने गाडी घेतली. पांढरी, चारचाकी, सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. पहिली फेरी कुठे, हे त्याने कुणाला विचारलंच नाही. "आई, रविवारी देवगिरी," म्हणाला. अक्का चुलीपुढून उठून मोरीपाशी गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. ह्यांना गाईंच्या धारा काढायच्या म्हणून हे घरीच राहिले. प्राजक्ताला चौथा महिना होता. सकाळी सहाला निघालो. मी पुढचं दार उघडलं तर विक्रम म्हणाला, "बाई, पुढे आईला बसू द्या ना." मी मागे बसले, पायाशी डबे, मांडीवर पाण्याचा कॅन. बेलापूर, श्रीरामपूर, नेवासा... अक्का पुढे ताठ बसलेली, नवी साडी, खिडकीच्या काचेला जवळजवळ नाक लावून. आणि दर दहा मिनिटांनी, "आता काय आलं रं?" विक्रम सांगायचा, आई, हा साखर कारखाना, आई, ही कापसाची जिनिंग. मला वाटत होतं ही मुद्दाम करते आहे. आपण पुढे बसलोय, आपल्याला पोरगा सगळं दाखवतोय, हे मागे बसलेलीला ऐकवते आहे. प्रवरासंगमला पूल आला तेव्हा तो म्हणाला, "आई, बघ, आपली प्रवरा इथे गोदावरीला मिळते." अक्काने हात जोडले ते उलट्या बाजूला. मी प्राजक्ताकडे बघून भुवया उडवल्या.

दौलताबादेत पार्किंगपासूनच तिने माझा दंड धरला. तिने माझ्या अंगाला आपण होऊन हात लावावा असं मला तरी आठवत नव्हतं. विक्रम प्राजक्ताला जपत पुढे चालला होता. पहिल्या दरवाज्याशी अक्का थांबली आणि हत्तीला अडवायला लावलेले ते लोखंडी खिळे हाताने चाचपून बघायला लागली, एकेक, टोकापर्यंत. मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, "हात लावू नका, तिथे पाटी आहे." आत चांद मिनारासमोर सगळे मान वर करून उभे. तिनेही मान वर केली. मग हळूच मला म्हणाली, "रंग कसला हाय गं ह्याचा?" मी म्हटलं, "दिसत नाही का?" तर म्हणाली, "ऊन डोळ्यावर येतंय." ऊन आमच्या पाठीवर होतं. एवढं सगळं माझ्यासमोर घडत होतं आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही, कारण तिचं जे जे दिसेल त्याचा वाईट अर्थ काढायची मला सवय झाली होती.

प्राजक्ताला चढ नको म्हणून ती दोघं हत्ती हौदापाशी सावलीत बसली. विक्रम म्हणाला, "बाई, तुम्ही आईला अंधारी दाखवून आणा. हात धरा तिचा." म्हणून आम्ही दोघीच निघालो, दहा-बारा परक्या माणसांच्या घोळक्याबरोबर. खंदकावरचा पूल ओलांडला. अंधारीच्या तोंडाशी तिथल्या माहिती सांगणाऱ्या माणसाने बॅटरी लावली आणि सगळ्यांना आत घेतलं. वटवाघळांचा वास, पायाखाली ओबडधोबड पायऱ्या, एक उंच तर एक बुटकी, मध्येच वळण. बऱ्याच आत गेल्यावर तो म्हणाला, आता मोबाईल बंद करा, शत्रूला काय वाटायचं ते बघा. आणि बॅटरी विझवली.

तसला अंधार मी कधी पाहिला नव्हता. कुणीतरी किंचाळलं, कुणी खोटं हसलं, माझा पाय चुकला आणि मी भिंतीवर खांदा आपटून घेतला. माझ्या दंडावरचा अक्काचा हात मात्र हललाही नाही. मग तिने मला धरून चालवायला सुरुवात केली. "हितं उंच हाय... आता सपाट... डाव्या अंगाला ये." घरात ओट्यापासून देवघरापर्यंत चालावं तशी ती चालत होती. सगळे धडपडत होते, आणि अडुसष्ट वर्षांची ती बाई मला वर घेऊन चालली होती. मी काही बोलायच्या आधीच ती थांबली. तिलाही कळलं होतं, की मला कळलं आहे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली की चार-पाच सालं. आता निसता उजेड कळतोय. अन् मानूस जवळ आलं की सावलीवानी."

"सांगितलं का नाही?"

"सांगून काय हुतंय? चूल काढून घ्याल माझी. खाटंवर बसवाल." पुढे माणसं हसत होती. मग ती माझ्या कानापाशी म्हणाली, "साखरंचा दोरा तूच कापलास ना? म्या कुनाला बोलले का? तू बी कुनाला बोलू नको, मास्तरीन. एवढं कर."

तिने माझ्याकडे आयुष्यात दुसऱ्यांदा काही मागितलं होतं. मी म्हटलं, "नाही बोलणार." आणि खरंच सांगते, म्हटलं तेव्हा मनापासून म्हटलं होतं. त्या काळोखात मला एकाएकी तो मिठाचा शिरा दिसत होता, आणि बरणीच्या गळ्यावरून फिरणारी तिची बोटं. माझ्या तांब्याच्या तीन गाठी कशासाठी होत्या, तेही तिथेच कळलं. माझा तांब्या दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून! बॅटरी पुन्हा लागली तेव्हा अक्काने बाकीच्यांसारखेच डोळे किलकिले केले आणि म्हणाली, "अग बाई, केवढा उजेड!" आजूबाजूच्या बायका हसल्या. खाली उतरताना मी तिचा हात घट्ट धरला होता. विक्रमने ते पाहिलं आणि त्याला इतका आनंद झाला, की त्याने आमचा दोघींचा फोटो काढला. तो फोटो आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे.

इथे संपलं असतं तर हा लेख बरा झाला असता.

परत येताना विक्रमने प्रवरासंगमला गाडी थांबवली. नदीच्या बाजूला टपरीवर चहा घेतला. दौलताबादेत घेतलेले पेरू प्राजक्ताने काढले, मी चाकूने फोडी करायला घेतल्या. अक्का दगडावर बसली होती, तोंड विक्रमच्या आवाजाकडे, आणि मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. विक्रम म्हणाला, "प्राजू, एक ठरवून टाकू. बाळाची आंघोळ-मालिश सगळं आई करणार. मला जसं वाढवलं तसंच माझं बाळ आईच्या हाताखाली वाढेल." मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, काही मनात न ठेवता म्हणाला, "बाई, तुम्हाला तरी कुठे सवय आहे लहान मुलांची?"

अक्का म्हणाली, "करीन की. का न्हाई करनार?"

ती असं बोलली, आणि माझं डोकं शांत झालं. एकदम शांत. कढत पाणी, पाटावर पाय पसरून बसलेली आंधळी बाई, आणि तिच्या पायांवर आठवडाभराचं पोर. धोका खरा होता. तो खरा होता म्हणूनच मला इतका कामाला आला. पण मी काळजीने वागले असं मी म्हणणार नाही. काळजी असती तर मी घरी जाऊन विक्रमला बाजूला घेतलं असतं, किंवा अक्कालाच समजावलं असतं. मी तसं केलं नाही. मी बोलणार नाही असा शब्द दिला होता आणि मी एक शब्दही बोलले नाही. जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलं ते असंच, आधी प्रयोग, मग निष्कर्ष. मी पेरूची एक फोड उचलली, विक्रमला नजरेने खूण केली, आणि ती फोड अक्काच्या डोळ्यांसमोर धरली. वीतभर अंतरावर. डावीकडे नेली. उजवीकडे नेली. अक्का तशीच हसत विक्रमच्या दिशेला बघत राहिली.

विक्रमच्या हातातला चहाचा कप कलला आणि चहा त्याच्या बुटांवर सांडला. तो म्हणाला, "आई, बाईंच्या हातात काय आहे?"

तिला त्याच क्षणी सगळं कळलं. तिचं हसू जागच्या जागी राहिलं. पण हार मानणारी ती नव्हतीच. म्हणाली, "पेरू हाय की... वास येतोय न्हाई का?"

विक्रम तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. प्राजक्ताही रडायला लागली. अक्काने चाचपत त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान माझ्याकडे वळवली. अगदी बरोबर माझ्याकडे. पुढे कोल्हारपर्यंत गाडीत "आता काय आलं" असं कुणी विचारलं नाही.

नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, गेलेली नजर परत येणार नाही हेही सांगितलं. मग घराने तिच्यावर प्रेम करायला सुरुवात केली. विक्रमने गॅसला तिचा हात लागू दिला नाही. सुई-दोरा काढून घेतला, विळी माळ्यावर गेली, गोठ्यात एकटीने जायला बंदी. हॉलच्या कोपऱ्यात लोखंडी पलंग टाकला, उशाशी घंटी ठेवली. तिने ती एकदाही वाजवली नाही. फळीवरच्या बरण्या माझ्या झाल्या, मी त्या मला हव्या तशा लावल्या. पाच महिन्यांनी ओवी झाली आणि मी तिला न्हाऊ-माखू घालायला लागले. पहिल्या दिवशी पलंगावरून आवाज आला, "मास्तरीन, पानी कोपरानं बघ. हाताला कळत न्हाई." मला तो टोमणा वाटला. मी हातानेच बघितलं. ओवी चटका बसून अशी रडली, की तिसऱ्या दिवसापासून मी गुपचूप कोपराने बघायला लागले.

बाळ अक्काच्या मांडीवर द्यायचं ते आजूबाजूला उशा लावून, आणि प्राजक्ता समोर बसलेली असताना. ओवी रांगायला लागली तसं तेही कमी झालं, अक्काचा पाय पडेल म्हणून. असं ठरवलं कुणी? बोलून कुणीच नाही. मी फक्त एकदा म्हटलं होतं, "जपायला हवं." त्या दीड वर्षात अक्का माझ्याशी पाणी, चहा, औषध याखेरीज बोलली नाही. प्रवरासंगमबद्दल एक अक्षर नाही. ती विक्रमजवळ रडली असती, मला शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. मी दोरा कापल्याचं तिने जसं कुणाला सांगितलं नाही, तसंच अंधारीत मी दिलेल्या शब्दाचंही सांगितलं नाही. विक्रमला आजही वाटतं, की बाईंच्या लक्षात ते तिथे नदीकाठी बसल्याबसल्याच आलं. हा लेख छापून येईल तेव्हा त्याला कळेल.

ती गेली ते दुपारी, पलंगावर, झोपेत. जेवायला घरी आलेल्या विक्रमने हाक मारली आणि तिने ओ दिली नाही. दहाव्याला प्रवरेवर गेलो. तेरावा झाल्यावर हॉल मोकळा करायचा म्हणून मी पलंग हलवायला घेतला. पलंगाच्या गजाला काळा दोरा होता, त्याला एक गाठ. नवल वाटलं नाही. तिच्या हाताशी सुई-दोरा नव्हता, पण ओवीला दृष्ट लागू नये म्हणून आणलेली काळ्या दोऱ्याची गुंडाळी घरात होती. मी कात्री आणली. मग दिसलं, की खिडकीच्या गजाला आणखी एक आहे, दोन गाठी. तिथून हात लांबवला की टीव्हीच्या टेबलाचा पाय, तीन. आणि मग पाळणा. पाळण्याच्या दोरीला काळा दोरा होता हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं, तान्ह्या मुलाच्या पाळण्याला तो असतोच. त्याला चार गाठी आहेत हे कुणी मोजलं नव्हतं. दुपारी आम्ही सगळे आडवे झालो, की ती पलंगावरून उठून, गाठी चाचपत, पाळण्यापर्यंत जात होती. कधी कुणाला जाग आली नाही, आणि ओवी कधी दचकून रडली नाही.

मी कात्री टेबलावर ठेवली आणि पुढे बघितलं. पाळण्याच्या पलीकडे माझ्या खोलीचं दार आहे. त्याच्या बाहेरच्या कडीलाही दोरा होता; ती कडी कुणी कधी लावत नाही, म्हणून इतके दिवस माझ्या नजरेला पडला नव्हता. पाच गाठी. तिला रात्री-अपरात्री काही झालं तर माझ्या दाराशी यायला ती खूण होती, की चुकूनही या दारात पाय पडू नये म्हणून होती... हे मला कळायला मार्ग नाही. न्हाणीघर दुसऱ्या अंगाला आहे, माझ्या दाराकडे यायचं तिला दुसरं काही कारण नव्हतं. एवढं खरं की त्या दीड वर्षात तिने माझं दार वाजवलं नाही.

दोरे तसेच आहेत. पलंगही तिथेच ठेवला आहे, विक्रमला वाटतं माझ्या मनाचा मोठेपणा. घरचे झोपले की दुपारी मी त्या पलंगावर बसते, डोळे मिटते आणि उठते. एक, दोन, तीन, चार. पाळण्यापर्यंत आता न धडपडता जाता येतं. तिथून माझ्या दारापर्यंत चार पावलं आहेत. ती डोळे मिटून मला अजून एकदाही टाकता आलेली नाहीत.